छताखालचं ओसाका: तेन्जिनबाशीसुजीचे तीन दिवस

ओसाकाच्या किता वॉर्डात दक्षिणोत्तर पसरलेलं तेन्जिनबाशीसुजी हे जपानमधलं सगळ्यात लांब शोतेनगाई, म्हणजे वरून छत घातलेला बाजाररस्ता. लांबी 2.6 किलोमीटर, दुकानं सहाशेच्या घरात. न थांबता चाललं तर चाळीस मिनिटांत संपतं, आणि बरेच पर्यटक तेच करतात: एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, मध्ये ताकोयाकीचा (ऑक्टोपस घातलेल्या गोल भज्यांचा) एक फोटो. अशा धावत्या फेरीत या रस्त्याचा स्वभाव कळत नाही. इथे एकापुढे एक असे बाजार जोडलेले आहेत. ‘चोमे’ म्हणजे रस्त्याचा एक टप्पा. पहिली चोमे दक्षिणेला नदीजवळ, सातवी उत्तरेला. टप्प्याटप्प्यागणिक व्यापाऱ्यांची संघटना बदलते, छप्पर बदलतं, फरशी बदलते, गिऱ्हाईकही बदलतं. म्हणून तीन दिवस ठेवावेत आणि रस्ता तुकड्यातुकड्याने पाहावा.

वार आधी ठरवून घ्या. उत्तर टोकाचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. दुकानांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असतात आणि काही नावाजलेली खाद्यदुकानं रविवारी बंद. बुधवार ते शुक्रवार हा बेत सगळ्यात सोयीचा. कान्साई विमानतळावरून जेआरची (जपान रेल्वेची) ‘कान्कू काइसोकु’ ही जलद गाडी थेट तेम्मा स्टेशनला येते: साधारण सव्वा तास, भाडं 1,200 येनच्या आसपास. तेम्मा स्टेशन बाजाराच्या जवळजवळ मध्यावर आहे, त्यामुळे मुक्काम त्याच्या आसपास किंवा मिनामीमोरीमाची भागात घ्यावा. मोठी बॅग घेऊन थेट बाजारात शिरू नका. रस्ता अरुंद, समोरून सायकली येतात आणि दुकानदारांनी माल फरशीपर्यंत मांडलेला असतो.

पहिला दिवस: पुलापासून तिसऱ्या चोमेपर्यंत

सुरुवात तेन्जिनबाशी पुलावर करावी. सध्याचा पूल 1934 चा. खाली ओकावा नदी आणि नाकानोशिमा बेटाचं पूर्वेकडचं निमुळतं टोक दिसतं. पुलाच्या उत्तरेला दोन-तीन मिनिटं चाललं की छत सुरू होतं.

हा बाजार इथेच का वसला, याची दोन कारणं याच टोकाला आहेत. एक म्हणजे ओसाका तेम्मानगू हे देवस्थान. तुळशीबाग जशी राममंदिराच्या आधाराने वाढली, तसा हा रस्ता देवळाकडे जाणाऱ्यांच्या पावलांनी वाढला. दुसरं म्हणजे नदीकाठचा तेम्माचा भाजीबाजार. 1653 पासून तो इथे भरत होता आणि एदो काळातल्या (1603 ते 1868, शोगुनांच्या राजवटीतल्या) ओसाकाच्या तीन मोठ्या बाजारांत त्याची गणना होई; उरलेले दोन म्हणजे दोजिमाचा तांदळाचा आणि झाकोबाचा मासळीचा. 1931 मध्ये शहराचा मध्यवर्ती घाऊक बाजार सुरू झाला आणि काठावरचा बाजार उठला. रस्ता मात्र तोपर्यंत आपल्या पायावर उभा राहिला होता.

सकाळी नऊला पोचलात तर बहुतेक शटर खाली असतील. दुकानं दहाच्या पुढे उघडतात आणि सात-आठला मिटतात. ही सकाळची वेळ किस्सातेनसाठी, म्हणजे जुन्या वळणाच्या कॉफीगृहासाठी ठेवावी. ती सात-आठलाच उघडतात आणि साधारण अकरापर्यंत ‘मोनिंगु’ देतात: कॉफी, जाड कापलेल्या पावाचा लोणी लावलेला टोस्ट आणि उकडलेलं अंडं. पाचशे-सहाशे येनमध्ये काम होतं. अंडं नको असेल तर ‘तामागो नाशि दे’ एवढं सांगितलं की पुरे. काही जुन्या ठिकाणी आत धूम्रपान चालतं. दारावर तशी पाटी असते, ती बघूनच शिरा.

नाश्त्यानंतर तेम्मानगू. रस्त्याच्या पूर्वेला गल्लीत वळलं की दोन मिनिटांवर. स्थापना 949 ची, सम्राट मुराकामींच्या आज्ञेने. दैवत सुगावारा नो मिचिझाने: विद्वान दरबारी, खोट्या आळाने 901 मध्ये दूर दाझाइफूला हद्दपार झालेले आणि पुढे विद्येचं दैवत म्हणून पुजले गेलेले. जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षेच्या हंगामात इथे नवसाच्या लाकडी पाट्यांचे थरावर थर चढतात. सध्याचं मुख्य सभागृह 1843 चं. आधीचं 1837 च्या ओशिओ हेइहाचिरो या माजी पोलीस अधिकाऱ्याच्या उठावात लागलेल्या आगीत जळालं.

दक्षिणेच्या मोठ्या दरवाजाखाली थांबून मान वर करा. छताला दिशाचक्र आहे आणि त्यावर राशिचक्राचे बारा प्राणी. पश्चिमेला कोंबडा हवा, तिथे फिनिक्स पक्षी आहे. हद्दपारीच्या वाटेवर मिचिझाने आत्याचा निरोप घेत होते, तेवढ्यात कोंबडा आरवला आणि निघावं लागलं, म्हणून त्यांना कोंबड्याचा तिटकारा, अशी आख्यायिका आहे. दररोज शेकडो माणसं या दरवाजाखालून जातात, वर बघणारी थोडीच.

आत पाण्याच्या कुंडापाशी आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. पळी तोंडाला लावायची नाही. शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने तिचा दांडा धुतला जातो. दर्शनाला दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं.

देवळाच्या उत्तरेला लागूनच ‘तेम्मा तेन्जिन हान्जोतेई’ हे राकुगोचं नाट्यगृह आहे. राकुगो म्हणजे उशीवर बसून एकट्याने रंगवलेली विनोदी कथा. ओसाकात युद्धानंतर जवळजवळ साठ वर्षं राकुगोचं कायमचं घर नव्हतं. 2006 मध्ये हे उभं राहिलं आणि त्यानंतर या भागाला पुन्हा चेहरा मिळाला. भाषा येत नसली तरी दुपारचा एक खेळ बघण्यासारखा असतो. ओसाकाच्या पद्धतीत कथाकारापुढे छोटं मेज असतं, त्यावर लहान लाकडी ठोकळा आपटून तो प्रसंग तोडतो आणि मध्येच पडद्याआडून शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजतं. तोक्योच्या शैलीत हे मेज नसतं.

आता बाजार. दुसऱ्या चोमेच्या कमानीवर तेम्मानगूच्या जुलैतल्या तेन्जिन उत्सवातल्या स्वागताच्या बाहुल्यांच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 1 रस्ता छेदतो आणि तिथे छत तुटतं. पावसाळ्यात नेमकी इथेच लोकांची तारांबळ उडते. छत्री जवळ हवीच, पण छताखाली आल्यावर ती मिटायची. ओली छत्री दुकानात नेण्याआधी दाराशी ठेवलेली प्लास्टिकची पिशवी तिच्यावर चढवायची.

छताकडे जरा नीट बघा. जपानमध्ये सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण रुंदीचं पहिलं छत 1951 मध्ये कोकुरा शहरातल्या उओमाची बाजारात उभं राहिलं. मग गावोगावी लाट आली. लाकडी दुकानांच्या दाटीवर छत म्हणजे आग लागली तर धूर कोंडणार आणि शिडीची गाडी आत येणार नाही, म्हणून 1955 मध्ये सरकारने बांधणीचे नियम घालून दिले. सांगाडा न जळणारा हवा, धूर निघायला वाट हवी, अग्निशमनाला जागा हवी. त्यामुळे अशा रस्त्यांवर पोलादी कमानी, प्रकाश झिरपणारे तक्ते आणि माथ्यावर उघडणारे झरोके दिसतात. छताची देखभाल, दिवे, ध्वनिक्षेपक यांचा भार मुख्यतः त्या त्या टप्प्याच्या व्यापारी संघटनेवर असतो. एका चोमेत नवं लखलखीत छत आणि पुढच्याच चोमेत जुनाट पिवळट तक्ते दिसले, तर तो त्या संघटनेच्या गंगाजळीतला फरक.

दुसऱ्या-तिसऱ्या चोमेत जुन्या पुस्तकांची दुकानं, चहा, सुऱ्या, देव्हाऱ्यांचं सामान आणि कोन्बु म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. कोन्बुपाशी वेळ घालवावा. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचं कोन्बु एदो काळात ‘कितामाएबुने’ या व्यापारी जहाजांनी ओसाकात यायचं आणि इथल्या स्वयंपाकाची सगळी चव त्यावर उभी राहिली. बरणीत पिसासारखं हलकं दिसतं ते ओबोरो कोन्बु. पान व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवून मऊ करतात, मग कारागीर एक टोक पायाखाली दाबून, दुसरं हाताने ताणून, धार किंचित वळवलेल्या सुरीने त्याचा पातळ पापुद्रा काढतो. तोरोरो कोन्बु त्याहून स्वस्त: पानांचा ठोकळा दाबून कडेने किसलेलं.

शाकाहारी माणसासाठी कोन्बु म्हणजे मोठीच सोय, कारण नुसत्या कोन्बुचं दाशि (सार) बनतं. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम मा-कोन्बु (कोन्बुची एक जात). पानावरची पांढरी भुकटी बुरशी नव्हे, चवीचा भाग आहे. धुऊ नका, ओल्या फडक्याने हलकेच पुसा. अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर ठेवा, कडेला बारीक बुडबुडे आले की पान काढून घ्या. उकळी फुटू दिली तर पाणी बुळबुळीत होतं आणि समुद्राचा उग्र वास धरतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकतं.

याच भागात खाटीक-दुकानांतल्या गरम क्रोकेटपुढे रांग दिसेल. दिसायला बटाटेवड्याचा भाऊ, पण आत बहुधा खिमा असतो आणि तळण अनेकदा चरबीत. मांस न खाणाऱ्यांनी ‘बटाट्याचं आहे ना’ या भरवशावर घेऊ नये. ताकोयाकीत ऑक्टोपस असतो आणि पिठातही माशाचं सार. कित्सुने उदोन, म्हणजे गोड तळलेला तोफू घातलेल्या जाड नूडल्स, वर वर शाकाहारी वाटतं. सार मात्र कात्सुओ माशाचं. एक वाक्य पाठ करा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओदाशि मो दामे देस’ (मांस-मासे खात नाही, कात्सुओचं सारही चालत नाही). नकार आला तर वाद घालू नका, कारण सार सकाळीच मोठ्या भांड्यात होऊन बसलेलं असतं. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे लाल अझुकी (गोड कडधान्य) भरलेले मोची म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, भाजलेलं रताळं, फळं आणि भाजलेल्या पानांचा होजिचा. विकत घेतलेलं चालत चालत न खाता दुकानाच्या कडेला उभं राहून संपवा आणि कागद त्याच दुकानाच्या डब्यात टाका. पुढे रस्त्यात कचरापेटी मिळणार नाही.

दुसरा दिवस: चौथी चोमे ते तेनरोकु, संध्याकाळी तेम्मा

आज उलट बाजूने, उत्तरेकडून खाली या. तानिमाची (जांभळी) किंवा साकाइसुजी (तपकिरी) मेट्रोने तेन्जिनबाशीसुजी रोकुचोमे, बोलीत ‘तेनरोकु’. स्टेशनला जोडलेल्या इमारतीत आठव्या मजल्यावर ‘ओसाका कुराशी नो कोन्जाकुकान’ हे गृहजीवनाचं संग्रहालय. सकाळी दहाला उघडतं, शेवटचा प्रवेश साडेचारला; गेली काही वर्षं मोठ्यांना तिकीट 600 येन. दहाला दारात असावं, अकरानंतर गर्दी वाढते.

नवव्या मजल्यावर 1830 च्या दशकातलं ओसाका प्रत्यक्ष आकारात बांधलं आहे: औषधाचं दुकान, कापडवाला, सार्वजनिक न्हाणीघर, मागच्या गल्लीतल्या एका खोलीच्या चाळी. छतावरचा प्रकाश हळूहळू बदलत दिवसाची रात्र होते. आधी दहाव्या मजल्याच्या सज्जातून कौलं बघा, मग खाली उतरा. घरांत जोडे काढून वर चढता येतं. एक गोष्ट मुद्दाम बघावी: समोरच्या दुकानाची रुंदी थोडी आणि खोली फार. बाहेरच्या शोतेनगाईतल्या आजच्या दुकानांची मापंही बरीचशी तशीच आहेत. अरुंद दर्शनी भाग, मागे गोदाम, वर घर. संग्रहालय बघून रस्त्यावर उतरलं की हा सांगाडा झटकन ओळखू येतो.

तेनरोकुच्या या चौकाला एक काळा दिवस आहे. 8 एप्रिल 1970 रोजी भुयारी रेल्वेच्या कामात गॅसचा स्फोट होऊन 79 माणसं गेली. जवळच्या कोकुबुन्जी बागेत त्यांचं स्मारक आहे.

सातव्या चोमेत वर्दळ कमी, तिथे पाच-दहा मिनिटं पुरतात. सहावीपासून खाली मात्र खरी बाजारहाट. भाजीवाले, औषधांची दुकानं, पाचशे-हजार येनचे कपडे, चपला, सुशीच्या दुकानांपुढच्या रांगा. येणारं गिऱ्हाईक बहुतांशी आसपास राहणारं आणि सायकलवरून आलेलं. रस्त्याच्या मध्ये थबकून फोटो काढू नका, कडेला सरका. किमतीच्या पाटीवर दोन आकडे असतील तर मोठ्या अक्षरातला बहुधा कर वगळून असतो. खाद्यपदार्थांवर 8 टक्के आणि इतर मालावर 10 टक्के धरून हिशोब करा. लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, हजाराच्या नोटा आणि 100 येनची नाणी जवळ असू द्या. पैसे हातात न देता काउंटरवरच्या तबकात ठेवायचे. घासाघीस इथे होत नाही.

तेम्मा स्टेशनाशी लूप लाइनचा (शहराभोवती फिरणाऱ्या जेआर रेल्वेचा) पूल डोक्यावरून जातो. पूर्वेच्या गल्ल्यांत तेम्माचा किरकोळ बाजार आणि त्याला वेढून ‘उरा-तेम्मा’: उभ्याने पिण्याच्या टपऱ्या, आठ-दहा माणसांत भरणाऱ्या. पाचच्या सुमारास जा, सातनंतर जागा नाही. चार माणसांच्या वरचा घोळका दारातूनच परत जातो, दोघं-तिघं जावं. आत शिरताच पेय मागवायचं, ते आल्यावर खाणं. न मागवता छोटी वाटी पुढे आली तर ती ‘ओतोशि’: जागेचं शुल्कच, तीनशे ते पाचशे येन, परत करता येत नाही. कुशिकात्सु (काडीला टोचून तळलेले तुकडे) घेतलं आणि सॉसचं भांडं सामायिक असलं तर काडी एकदाच बुडवायची. उष्टी काडी पुन्हा बुडवणं अक्षम्य. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने उचलून घालतात. सिगारेट रस्त्यावर पेटवू नका, जानेवारी 2025 पासून ओसाका शहरभर रस्त्यावर धूम्रपानाला बंदी आणि दंड आहे.

तिसरा दिवस: नदी, टांकसाळ, नाकाझाकिचो

सकाळी पुन्हा नदीकडे. तेम्मानगूपासून पंधरा मिनिटं पूर्वेला गेलं की ओकावाच्या काठी राष्ट्रीय टांकसाळ, 1871 मध्ये सुरू झालेली. 1883 पासून तिच्या आवारातली चेरीची वाट लोकांसाठी उघडतात: दक्षिण दरवाजातून आत, 560 मीटर, उत्तरेने बाहेर, उलटं फिरता येत नाही. एप्रिलच्या मध्यात जेमतेम आठवडाभर. शहरातली नेहमीची सोमेइ योशिनो चेरी मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलून गळते, आणि टांकसाळीत बहुतेक झाडं उशिरा फुलणाऱ्या दाट पाकळ्यांच्या जातींची. दोन्ही एकाच फेरीत गाठायचा हट्ट धरला की एक हमखास हुकतं. गेली काही वर्षं आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते. बाकी वर्षभर नदीकाठची केमा साकुरानोमिया बाग चालायला मोकळी असते.

जुलैत येणार असाल तर 24 आणि 25 तारखेचा तेन्जिन मात्सुरी लक्षात ठेवा. 951 पासूनची परंपरा. 25 ला दुपारी पालखीची मिरवणूक देवळातून निघते, संध्याकाळी शंभरेक नावा नदीत आणि वर आतषबाजी. त्या दिवशी बाजार बघायचा विचार सोडून द्या, पाय ठेवायला जागा नसते आणि पूल एकेरी होतात. बाजाराचा स्वतःचा उत्सव 23 जुलैला: तरुण मुली खांद्यावर पालखी घेऊन या रस्त्यावरून जातात, 1981 पासून. जुलै-ऑगस्टला पारा पस्तिशीला टेकतो आणि छताखाली हवा कोंडते; तेव्हा दुपारी संग्रहालय, बाजार सकाळी आणि संध्याकाळी.

दुपारी तेम्मा स्टेशनाहून पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं चालून नाकाझाकिचो. 1945 च्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या या वस्तीत एकाला एक चिकटलेली लाकडी घरं अजून उभी आहेत, त्यांत आता कॉफीगृहं आणि छोटी दुकानं. उमेदा या व्यापारी भागाच्या काचेच्या इमारती इथून दिसत राहतात. घरांपुढच्या कुंड्या खाजगी आहेत आणि लोक राहतात, तेव्हा आवाज बेताचा, दारांचे फोटो विचारून.

खरेदी शेवटच्या संध्याकाळी करावी, तीही तीन दिवस भाव बघून झाल्यावर. कोन्बु हवाबंद पाकिटात, चहा 100 ग्रॅमच्या पिशवीत. सुरी घेतली तर ती चेक-इन सामानात जाईल असं बघा, हातातल्या बॅगेत ती विमानतळावर काढून घेतली जाते. परत जाताना तेम्माहून पुन्हा तीच गाडी, पण विमानतळाकडे निघालेली गाडी हिनेनो स्टेशनवर दोन भागांत सुटते: 1 ते 4 क्रमांकाचे डबे कान्साई विमानतळाला, 5 ते 8 वाकायामाला. तेम्माच्या फलाटावर चढतानाच डब्याचा आकडा बघून घ्या. चुकीच्या डब्यात बसला असाल तर हिनेनोच्या आधी एखाद्या थांब्यावर उतरून पुढच्या डब्यांत चढायला वेळ मिळतो.